गोल कुंड आणि निर्गुण त्रिज्या

पेण, गुरुवार

रोहेनिवासी स्नेहनिधान महिपतराव यांस,

भार्गवशास्त्र्याचा सप्रेम नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो ना? वहिनींचा खोकला नदीकाठच्या वाऱ्याने बळावला असल्यास ज्येष्ठमध चघळण्यास सांगावे. आमच्याकडे ईशकृपेने प्रकृती उत्तम आहे. चित्त मात्र ठिकाणावर नाही. (हे वाक्य लिहितानाच मी दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.)

कारण निवेदन करतो. शेजारच्या धोंडुबाई (मिठागरावर आयुष्य घालवलेल्या, मला गुरुस्थानी मानतात, पण ओरडून) यांचा मुलगा कान्हू मोठ्या दुखण्यातून उठला. त्याच्यासाठी बोललेला शांतिहोम रविवारी दत्तमंदिराच्या अंगणात आहे. शांतिकर्मास वर्तुळाकार कुंड प्रशस्त. आणि त्याचे क्षेत्रफळ हातभर बाजूच्या चौकोनाइतकेच असेल, केसाचाही फरक पडणार नाही, असे मी मंदिरात सर्वांदेखत सांगून बसलो. त्रिज्या काढणे ओघानेच आले. आमची नात ऋतुजा (अभियांत्रिकी शिकते) म्हणाली, संगणकाला सांगू या, तो अंक न घालता अक्षरांनीच समीकरण सोडवतो. महिपतराव, अव्यक्ताला ‘यावत्तावत्’ म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांची रीत यंत्राला अवगत आहे हे पाहून मी सोवळ्यातच त्या पडद्याला हात जोडले.

उत्तरे दोन आली. बाजू भागिले ‘पाय’चे (π, वर्तुळाचा तो न संपणारा अंक) वर्गमूळ. आणि तेच, पण उणे. ऋतुजा दुसरे पुसू लागली तेव्हा मी तिला थांबवले. विचारले आपण, उत्तर दिले त्याने. त्यातले निम्मे टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? गवंडी गोरख कालवलेल्या मातीपाशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, उणे म्हंजे खड्डा नाय, ढीग रचायचा काय?" पुढे उलगडा झाला की, त्रिज्या धन आहे हे यंत्राला आरंभीच सांगायला हवे होते. म्हणजे संकल्प न सोडताच मी कर्माला बसलो होतो! आचमन करून (मी, यंत्राला ती सोय नाही) समीकरण पुन्हा मांडले. एकच उत्तर आले. निर्दोष, संपूर्ण, निर्गुण.

परंतु गोरखाला सगुण हवे. "उत्तर हाय ना? मग बोटं सांगा किती. माती सुकतेय, मला नागोठण्याला शिफ्ट हाय." ऋतुजा म्हणाली, "आजोबा, एक आज्ञा दिली की दशांशात येईल." कुठपर्यंत, असे मी विचारले. "म्हणाल तिथपर्यंत. पण संपायचं नाही ते." जे संपतच नाही ते मी कोणत्या स्थळी तोडावे? आणि तोडलेल्या मापाच्या कुंडात अखंड आहुती कशी पडावी? मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटले. गोरख शिफ्टला गेला, मातीचा दगड झाला, आणि धोंडुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काका, लेकाला उठवलान देवानं. आता मला बोललेल्यातून मोकळी करा." त्यांना मी पायचे स्वरूप सविस्तर समजावले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे रविवारी आग पेटणार का नाय?"

तेव्हापासून मी स्वस्थ बसलेलो नाही. तथापि तत्त्वापासून तसूभरही ढळणार नाही, हे आपणास विदित असावे. इतके लिहून पुन्हा येरझाऱ्यांस लागतो.

आपला,
भार्गव

ता. क. रविवारी प्रसादास उभयतांची वाट पाहतो.

आणखी ता. क. पत्राचे मुख्य कारण राहिलेच. आपल्या माळ्यावर तांब्याचे तयार चौकोनी कुंड आहे, ते सकाळच्या गाडीने येताना गोणपाटात गुंडाळून आणावे. धोंडुबाईंचा होम मी चुकू देणार नाही. कुंडात नारळ भरावेत, म्हणजे वाटेत कोणी विचारल्यास नारळ आणले असे सांगता येईल व असत्यही घडणार नाही. (फोनवर कळवले असते, पण ऋतुजा शेजारीच बसते, म्हणून हे पत्र आमच्या आळीतून रोह्यास निघालेल्या वनिताच्या हाती देत आहे.)

शेवटचा ता. क. त्या कुंडाचे माप कृपा करून मला कळवू नये.