कोरं कार्ड

दि. १४ जून, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. परिषदेतलं तुझं भाषण चांगलं झालं असं वहिनीकडून कळलं. टाळ्याही बऱ्याच पडल्या म्हणे. इकडे दवाखान्यात स्टरलायझरचं झाकण पुन्हा नीट बसत नाही, दुरुस्तीवाल्याला उद्या बोलावलंय. दात साफ करायचे उद्याचे चार पेशंट पुढच्या आठवड्यात ढकललेत. माझ्या सगळ्या औजारांना धार लावून ठेवली आहे. बोथट टोकानं जोर लावावा लागतो आणि हिरडी विनाकारण रक्ताळते, हे पुढे जी कोणी येईल तिला सांग.

सोळा वर्षं आपण एका भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं. बारावीला मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे तुला आठवत नसेल. बाबा म्हणाले, "घरात एक डॉक्टर पुरे. हिला त्याच्या हाताखालचं काहीतरी शिकू दे." मग मी डेंटल हायजिनिस्टचा कोर्स केला. दातांवरचं कीटण खरवडायचं, हिरड्या किती सुटल्यात ते मोजायचं, दिसेल ते पेशंटच्या कार्डावर लिहायचं, आणि त्याचा अर्थ काय ते तू सांगायचं. पेशंटना तू माझी ओळख करून द्यायचास, "ही आमची घासूबाई." ते हसायचे. मीही हसायचे, त्याची आता चीड येते.

शिंपीकाकांबद्दल लिहायला बसले आहे आणि भलतंच लिहितेय.

आपले शाळेचे गणवेश शिवणारे शिंपीकाका. टाचण्या धरून धरून वरच्या पुढच्या दाताला खाच पडलेली. दर सहा महिन्यांनी माझ्याच खुर्चीत. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांची जीभ गॉजपट्टीनं धरून बाजूला केली, तर डाव्या कडेला पांढरा चट्टा. पुसून पाहिला, गेला नाही. तसं कार्डावर लिहिलं आणि तुला हाक मारली, "जरा आरसा घेऊन बघतोस का?" तू दारातूनच म्हणालास, "काका, टाचण्या तोंडात धरायचं सोडा आता. टोचली असेल एखादी." नोव्हेंबरात चट्टा वाढला होता, मधे लाल झाला होता. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा हाक मारली. तू त्यांच्यादेखत म्हणालास, "घासूबाई, तू घास. बघायला मी आहे."

तू बघितलं नाहीस. या एप्रिलमध्ये कॅन्सरपायी काकांची अर्धी जीभ काढली.

परवा त्यांच्या मुलीचा फोन आला, सोमवारी कार्ड न्यायला येते म्हणून. तासाभरात तू माझ्या ट्रेमध्ये एक कोरं कार्ड आणून ठेवलंस. "जुन्या तारखा टाक, बाकी सगळं नॉर्मल लिही. अक्षर तुझंच लागेल," म्हणालास आणि बॅग उचलून परिषदेला गेलास. सोळा वर्षांत माझ्या अक्षराची तुला पहिल्यांदा गरज पडली.

तुझी चूक लिहिणं सोपं होतं. आता माझी लिहिते.

नोव्हेंबरात तू गेल्यावर काकांनी मला विचारलं, "काय गं पोरी, काळजीचं काही आहे का?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना, मग काही नाही." त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. दुसरे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसतात. एकदा त्यांना दाखवा, एवढंच म्हणायचं होतं, आणि म्हटलं नाही. तुझ्या धाकानं म्हटलं नाही असं मी वहिनीला सांगितलं. ते खोटं आहे. मला वाटलं होतं, चुकू दे याला एकदा. सगळ्यांना कळू दे, कोणाला दिसतं आणि कोणाला नाही. दादा, मी वाट बघत होते. आणि माझ्या वाट बघण्याचे पाच महिने काकांच्या जिभेतून गेले.

काल मी जुनं कार्ड घेऊन त्यांच्या घरी गेले. मुलीनं बस म्हटलं नाही. काका आता पाटीवर लिहून बोलतात, कापडावर खुणा करायच्या खडूनं. त्यांनी माझी दोन्ही टिपणं वाचली आणि लिहिलं, "तुला दिसलं होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी खाली लिहिलं, "मग?"

मी सगळं सांगितलं. वर तुला लिहिलंय तेच, एक शब्द न गाळता. त्यांनी बाहीनं पाटी पुसली आणि काही न लिहिता मुलीकडे दिली. शिव्या लिहिल्या असत्या तरी चाललं असतं.

कार्ड त्यांच्याकडेच आहे. नोव्हेंबरच्या टिपणाखाली मी कालची तारीख घालून लिहिलंय, "पेशंटनं विचारलं असता मी खरं सांगितलं नाही," आणि सही केली आहे. तुझं कोरं कार्ड तुझ्या टेबलावर ठेवलंय. लिहायचं असेल तर आता स्वतःच्या अक्षरात लिही.

मी उद्यापासून येणार नाही. सवयीनं भिंतीपलीकडून हाक मारशील, म्हणून कळवलं.

तुझी बहीण,
जिला दिसलं होतं