मसग्रोव्हांची पिसांची गादी

३ ऑक्टोबर १९३८

पोचले एकदाची. रिचमंडहून आगगाडीनं, मग एका लाकूडवाल्याच्या ट्रकमधून, आणि शेवटचा चढ पायी, हातात बॅग नि काखेत छत्री. डोंगर असे लालपिवळे झालेत की शिणवटा कुठल्या कुठे पळाला. मिस केझाया मसग्रोव्ह दारातच खुर्ची टाकून बसली होती. नव्वदी केव्हाच ओलांडलेली, वाळून खारीक झालेली, पण जीभ तरतरीत. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, अंगानं बरी आहेस की पोरी, मला वाटलं कागद कुरतडणारी एखादी काटकुळी पाठवतील. चौतीस वर्षांत माझ्या जाडीचं कौतुक पहिल्यांदाच कुणी केलं असेल.

काम माझ्या आवडीचं आहे. लोकांच्या वंशावळी लावून देण्यावरच माझं पोट. जोसाया मसग्रोव्ह हा या खोऱ्यात घर बांधणारा पहिला माणूस. त्याच्यापासून खाली, मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या याद्या धरून यायचं आणि रक्ताचं कुणी उरलंय का ते शोधायचं. मिस केझायाला मूलबाळ नाही, आणि घर परक्याच्या हाती गेलेलं तिला नको आहे.

एकच खटकलं. म्हातारी ओठाखाली तपकीर धरते आणि डब्यात थुंकते. तो डबा जेवणाच्या टेबलावर असतो, लोण्याच्या शेजारी.

७ ऑक्टोबर

कोर्टातला कारकून लेफ डूली गमत्या माणूस आहे. मला बघून म्हणाला, काय बाई, आमच्या मेलेल्यांचे परकर मोजायला एवढ्या लांबून आलात? खोटं नाही ते. इथे माणूस गेला की तीन शेजारी घरात शिरून फुटक्या मडक्यापासून मूत्रपात्रापर्यंत सगळं लिहून काढत. पिसांची गादी तर काट्यावर तोलून लिहीत, कारण घरात तिच्याइतकी मोलाची वस्तू दुसरी नसे.

जोसायाचं मृत्युपत्र मिळालं, सन १७९४. माझी उत्तम पिसांची गादी, आणि ती गरम ठेवायला सुकी नावाची पोर, माझी लेक पेशन्स हिला. मालमत्तेच्या यादीतही सुकी आहे, गादी आणि तांबड्या गाईच्या मधोमध. वय बारा. गुलामांची नावं मी याआधी अशा याद्यांत शेकड्यानं वाचलीत, तरी ही ओळ मी तीनदा वाचली. लेफ म्हणाला, त्या काळी असंच होतं बाई. मी म्हटलं, त्या काळी डोळे नव्हते का कुणाला? पोर आणि गाय वेगळी दिसत नव्हती? त्यानं दप्तर मिटलं. माझी ही जीभ मला एक दिवस नडणार आहे.

१२ ऑक्टोबर

स्वयंपाकाला व्हर्डीमावशी आहे. सगळेच तिला मावशी म्हणतात. तोंडात दात नाहीत, डोईला कायम फडकं. बीन्स आणि मक्याचा पाव उत्तम करते. तिनं मला बैठकीतली काचेची पेटी दाखवली. आत पिसांची कडी, पेढ्याएवढी, घट्ट वळलेली, मधे भोक. इथले लोक त्यांना मुकुट म्हणतात. माणूस मेला की उशी उसवून बघतात. आत मुकुट सापडला तर जीव स्वर्गात गेला असं समजतात. मी म्हटलं, मसग्रोव्ह सगळे स्वर्गात गेलेले दिसतात. मावशी म्हणाली, हे मसग्रोव्हांचे नाहीत, आणि काच पुसायला लागली.

दुपारी जेवल्यावर मिस केझायानं गळ घातली. तिची वामकुक्षीची वेळ, पण अंथरूण बर्फासारखं गार असतं, तू तासभर पड नि गरम करून ठेव. मोलकरणीचं काम, पण पोट भरलेलं होतं, पडले. काय मऊ गादी आहे. अंग खोल खोल रुतत जातं आणि चहूकडून ऊब येते. वास मात्र वाईट. न धुतलेल्या डोक्याचा, जुन्या चरबीचा.

२० ऑक्टोबर

रोज दुपारी गादी गरम करते. सवयच लागली.

धागा छान जुळतोय. मसग्रोव्ह बायका सगळ्या नव्वदीच्या पुढे गेलेल्या. आणि प्रत्येकीच्या मृत्युपत्रात तीच गादी, सोबत एक पोर. सुकीनंतर डॉर्कस. गुलामी संपली तेव्हा कोर्टानं घरकामाला बांधून दिलेली महाला नावाची अनाथ मुलगी. मग गरीब भाची रूथ. या पोरी पुढे कुठल्याच कागदात नाहीत, ना लग्नाच्या, ना जनगणनेच्या. आणि गादीचं वजन दर यादीत वाढलेलं आहे. लेफला विचारलं, नवी पिसं घालत असतील का? तो म्हणाला, मसग्रोव्ह आणि नवी पिसं? त्यांनी कधी नवा खिळा विकत घेतला नाही.

मोठी बातमी ही, की वारस सापडली. लॉटी मसग्रोव्ह, वय सतरा, कॅरोलायनात सूतगिरणीत काम करते, आईबाप नाहीत. मी लगेच पत्र टाकलं. तुला घर मिळतंय, ये, असं. लिहिताना मलाच भरून आलं.

२ नोव्हेंबर

कंगव्यात केस येतात, झुपक्यानं. हिरड्यांतून रक्त. चुलीपाशी बसलं तरी हातपाय गार. ऊब फक्त त्या गादीत, म्हणून आता सकाळीही जाऊन पडते. डॉक्टर म्हणाला, डोंगरातली हवा मानवली नाही.

आज डुक्कर कापलं. अंगणात चरबीची कढई, मावशी डोक्याचं मांस शिजवून थिजवत होती. मिस केझायानं ते थलथलीत मांस बोटांनी खाल्लं, बोटं चोखली, ओघळ हनुवटीवरून गळ्यात गेला. मी बघत होते, कारण तिच्या कानशिलाशी काळी लव आली आहे. गाल गुलाबी. मला म्हणाली, काय गं, जेवत नाहीस? खा पोरी, तू खाल्लंस की माझ्याही अंगी लागतं. मी परसात जाऊन ओकले. मांसाचा वास आणि गादीचा वास एकच आहे.

९ नोव्हेंबर

म्हातारी सकाळी प्रार्थनेला गेली. या वयात, चालत.

मी गादीची शिवण उसवली. वर थोडी पिसं, आणि खाली सगळी केसांची गुंतवळ. तेलकट, ओलसर, कोमट. पिसं तिच्यात अशी गुरफटली आहेत की ओढली तरी सुटत नाहीत. हात कोपरापर्यंत आत घातला. कडी लागली, एकामागून एक. काळ्या कुरळ्या केसांची, पिंगट केसांची, तुरळक पांढरी. काही बारीक. लहान मुलीचे केस असतात तशी.

सगळ्यात वर एक नवं होतं. तांबूस केसांचं. तांबूस केस या घरात माझेच आहेत. कडं अजून जुळलेलं नव्हतं, एका बाजूला बोटभर फट.

तीनदा साबणानं हात धुतले. नखांत अजून चिकट आहे.

१० नोव्हेंबर

व्हर्डीमावशीला विचारलं, माणूस जिवंत असताना मुकुट सापडला तर? ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, जुळायच्या आत मोडायचा. मी मोडला होता माझा, म्हातारी तेव्हा साठीची म्हणून तगली.

मग तिनं डोक्यावरचं फडकं काढलं. टाळू नुसती, जळल्यासारखी. पोरवयात एक हिवाळा तिनं ही गादी गरम केली होती. मी वय विचारलं. एकेचाळीस म्हणाली. मला ती सत्तरीची वाटत होती.

मी भडकले. मला आधी का नाही सांगितलंस? तिनं पाव भट्टीत सरकवला. म्हणाली, तू आलीस नि म्हातारीचे डोळे माझ्या लेकीवरून हटले. मी देवाचे आभार मानले, खोटं कशाला बोलू.

थुंकावंसं वाटलं तिच्या तोंडावर. आपली पोर वाचावी म्हणून दुसरीला पुढे करायचं. माणसं आहेत का कोण आहेत ही.

११ नोव्हेंबर

मोडला. दोन्ही हातांनी, चुलीत टाकला. केस जळल्याचा वास घरभर.

मिस केझाया जेवत होती. हातातला चमचा खाली गेला एवढंच. आम्ही उठवायला गेलो तर गाल आत गेले होते आणि तोंडातला घास तसाच होता, न चावलेला.

मी सुटले. उद्या गाडी पकडते.

१४ नोव्हेंबर

गेले नाही. उठवत नाही.

लेफ येऊन मृत्युपत्र वाचून गेला. घर, जमीन लॉटीला. आणि माझी पिसांची गादी, जी शेवटी गरम करील तिला. म्हणजे मला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाळा. लेफ नि मावशीनं ओढत दारापर्यंत नेली. दोघांना धापा लागल्या, इतकी जड.

मला हुडहुडी भरली होती. म्हटलं राहू दे, उद्या जाळू.

१७ नोव्हेंबर

चार गोधड्या, शेगडी, गरम विटा — कशाचाच उपयोग नाही. मुकुट मोडला म्हणून जीव राहिला. गेलं ते परत आलं नाही. ते गादीत आहे. माझंच आहे ते. माझं.

म्हणून पुन्हा तिच्यात झोपले. पण आता तीही गार. माझ्या अंगात गरम करायला उरलंय काय.

लॉटी निघायच्या बेतात असेल. तारेचा मजकूर लिहून ठेवला — येऊ नकोस, घर विकून टाक. लेफ दुपारी येऊन गेला. त्याला द्यायचा राहिला.

१८ नोव्हेंबर

लेफ आला. दिला नाही.

कागद उशीखाली आहे. उद्या नक्की.

२१ नोव्हेंबर

लॉटी आली. चढ धावत चढली म्हणे, गाल लाल, कपाळावर घाम. बडबडी आहे. गिरणीतला खोकला दाखवून हसते. मला म्हणाली, तुमचं पत्र मी उशाशी घेऊन झोपायचे, मला कुणी शोधत होतं हेच खरं वाटेना.

तिनं माझा हात हातात घेतला. अगं बाई किती गार, म्हणाली, आणि चोळत बसली.

सांगायचं होतं. तिचे हात इतके गरम —

मावशी दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. तिनं लेकीचं सांगितलं त्या दिवशी मी तिच्याकडे बघितलं होतं तशी.

२२

आज सांगते. जेवल्यावर सांगते.

दुपारी तीच म्हणाली, मी पडू का तुमच्याजवळ, माझी आजी आजारी असताना मी अशीच —

नको म्हणायला तोंड उघडलं.

सरकून जागा केली.

ऊब आली. देवा, पायाच्या बोटांपर्यंत. किळस येते मला माझी. पुन्हा सांगते, पुन्हा लिहिते, किळस — पण थोडा वेळ. एक हिवाळा. मग सांगीन. मोडायचा कसा तेही सांगीन तिला, जुळायच्या आधी.

डिसेंबर

भूक लागते. मावशीनं थिजवलेलं मांस आणलं, सगळं खाल्लं. बोटं चाटली.

लॉटी आज झोपून आहे. उशीवर पिवळे केस. मी गोळा केले. टाकवेनात. शिवणीतून आत सारले —

डिसेंबर, रविवार

कोर्टाच्या कागदांत आयुष्य गेलं, आपलंही मृत्युपत्र लिहून ठेवलेलं बरं. लेफला साक्षीला बोलावलंय.

मी, लेनोरा टिब्स, पूर्ण शुद्धीत असताना लिहिते की माझी उत्तम पिसांची गादी, आणि ती गरम ठेवायला लॉटी नावाची पोर —