रडायचं नाही, असं मी शिकवलं

टीचर, तुम्ही गेल्यावर बालवाडीच्या चाव्या माझ्याकडे आल्या, त्याला आता नऊ वर्षं झाली. खोली तीच आहे, वालीवच्या कारखान्यांमागच्या चाळीतली, पत्र्याच्या दाराची. मुलं मात्र बदलली. तुमच्या वेळी बाहेरची दोन-चार घरं असायची, आता घरी मराठी बोलणारी मुलंच दोन-चार उरली आहेत. बाकी बिहारची, यूपीची, आणि एका नेपाळी वॉचमनची जुळी. ती जुळी कधी रडत नाहीत, नुसते कान लाल होतात. मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. जिवंत माणसापुढे ती बोलायची माझी हिंमत होत नाही.

मी मदतनीस म्हणून लागले त्या पहिल्या वर्षी एक मुलगा आई गेली की जमिनीवर लोळण घेऊन ओरडायचा. एकदा तुम्ही यायच्या आत मी त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला होता. तुम्ही आलात, हातातली छत्रीसुद्धा खाली ठेवली नाहीत. "हे कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं, "टीचर, लई रडत होता." तुम्ही म्हणालात, "मग रडू दे. त्याच्या घरी रडलं की अख्खी चाळ धावत येते, म्हणून तो एवढ्या मोठ्यानं रडतो. तो हाक मारतोय गं, आणि तू त्याला भिंत दाखवतेस? आधी एकेकाच्या घरचं रडणं ओळखायला शीक, शिकवायचं मग बघू." मुलांना सोडायला आलेल्या दोन आया दारात उभ्या होत्या. मिठागराकाठच्या गावातून आलेली मी, 'पानी', 'कोन' म्हणणारी. माझ्या बोलण्याला तुम्ही कधी हसला नाहीत, पण त्या दिवशी आयांसमोर बोललात ते मला फार लागलं. तुमचं म्हणणं मला खरंच पटलं होतं, की मी फक्त मान खाली घातली होती, ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातून दोन मुली आल्या. निरनिराळ्या देशांतली, निरनिराळ्या घरांतली तीन-चार वर्षांची मुलं मनासारखं झालं नाही की काय करतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. मुलाला आधी त्याचं आवडतं खेळणं विचारायचं, मग छानशा डब्यातून त्याला मोडकंच काहीतरी द्यायचं आणि त्याचा चेहरा टिपायचा. आवडीचं खेळणं शेवटी द्यायचंच. त्यांतली मोठी मला म्हणाली, "ताई, मुलांना आधीपासून काही सांगू नका हं. जशी आहेत तशीच हवीत." मी मान डोलावली. पण त्याच्या थोडं आधी एक पाहुणे बालवाडी बघायला आले होते आणि लोळणारं पोर पाहून रुमाल नाकाशी धरत म्हणाले होते, "काय रानटी मुलं आहेत!" ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. म्हणून त्या मुली यायच्या आधी तीन दिवस मी मुलांना गोल करून बसवलं आणि घोकून घेतलं. डब्यातून काहीही निघालं तरी हसायचं. थँक्यू म्हणायचं. रडणारं मूल घाणेरडं.

मुलं हसली, टीचर. चाक नसलेली मोटार हातात घेऊन एकामागून एक सगळी हसली. विद्यापीठातल्या त्या मोठीला नवल वाटलं. "एवढ्या लहान वयात एवढा संयम? इथल्या घरांमध्ये असंच वळण असतं का?" मी म्हटलं, "हो, आपली संस्कृतीच आहे तशी." तिनं ते लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी खिचडी वाढताना बघते तर एक मुलगी डाव्या हातानं खाते आहे. चार वर्षांची, आई सातिवलीला पॅकिंगच्या कामाला. पूर्वी ही पोर रिबीन सुटली तरी रडायची. मी ओरडले, "सीधे हाथ से खाओ!" तिनं फ्रॉकखाली दडवलेला उजवा हात पुढे केला. पत्र्याच्या दारात सापडून मधल्या बोटाचं नख उपटलं होतं, फ्रॉकचा घेर रक्तानं भिजला होता. कधी झालं, किती वेळ ती तशी बसली होती, मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघून हसली. ओठ थरथरत होते, आणि ती हसत होती. "मॅडम, मैं रोई नहीं."

मी तिला उचलून डॉक्टरांकडे पळाले. टाके घालतानाही ती हसायचा प्रयत्न करत होती. मी सारखी म्हणत होते, "रो ले बेटा, रो ले," आणि ती मान हलवत होती. आई धावत आली, पट्टी बघून आधी घाबरली, मग डॉक्टरांनी पोर रडली नाही म्हणून सांगितल्यावर माझे हात धरून म्हणाली, "हमारी तो ज़रा-ज़रा में रोती थी. आपने कितना अच्छा सिखाया, मॅडम." मी काय करायला हवं होतं ते मला कळत होतं. मी म्हटलं, "बहादूर है आपकी बेटी."

त्या आठवड्यात मी विद्यापीठातल्या त्या मुलीला फोन केला आणि मुलांना शिकवून ठेवलं होतं ते, आणि त्या बोटाचंही, सांगून टाकलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. तुमच्या बालवाडीची नोंद मी काढून टाकते." आणि मग हळूच, "त्या बोटाचं मुलीच्या आईला सांगितलंत ना, असं का झालं ते?"

मी हो म्हणाले.

सांगितलेलं नाही. ती बाई रोज साडेबाराला मुलीला न्यायला येते, रोज हसून नमस्ते करते, आणि मी रोज उद्यावर ढकलते. मुलगी अजून रडत नाही. तिला पुन्हा रडता यावं म्हणून मी काय-काय करून पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

हे पत्र तुमच्या कबरीवर, फुलांखाली ठेवायचं ठरवून लिहायला बसले होते. पण रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर तुमच्या सूनबाई तिथं येतात, त्यांच्या हाती पडलं तर वाचतील. म्हणून नाही ठेवणार, टीचर. माझी अजूनही लोकांना कळण्याचीच भीती मोठी आहे.