पंचवीस शब्दांत न मावलेलं ताट

३ फेब्रु., मंगळ.
वही घेऊन दोन आठवडे झाले, आज उघडतोय. टाळत होतो. लिहिलं की घडलं ते पक्कं होतं, ही भीती.

आमचा पाच जणांचा ब्लॉग. खानावळी, टपऱ्या, सलून, जिथं जाऊ तिथला रिव्ह्यू. नियम नदीमचा : पंचवीस शब्द. औरंगपुऱ्यात त्याच्या चुलत्याच्या दुकानाच्या पायरीवर मोठ्यानं वाचायचं, तो बोटांवर मोजणार. सव्विसावा शब्द आला की परत लिहायचं. आधी मी खानावळीवर सुरू करून रस्त्यातल्या मेंढरांवर संपवायचो. "दत्त्या, मेंढरं जेवायला आलती का रे?" नियमानं सुधारलो. लई सुधारलो.

मागच्या आठवड्यात पुष्पामावशीची खानावळ लिहिली, बजाजनगरची. भाकरी, आमटी, ठेचा. भिंतीकडचं ताट गाळलं. मावशी ते रोज वाढते, धाकट्या दिरासाठी. सहा वर्षांपूर्वी सेकंड शिफ्टला गेला, आला नाय. मी हे कुणाला बोललो नाय. कागदावरही नाय. डोक्यातच खोडलं.

काल ब्लॉगवर त्याच खानावळीचा दुसरा रिव्ह्यू. खाली नाव नाही :

"भिंतीकडचं ताट रोज वाढतात. त्यावर कुणी बसत नाही. मावशी वाढताना 'घे की अजून' म्हणते. आमटी गार होते. ताट उचलतात तेव्हा तांब्यातलं पाणी अर्धं झालेलं असतं."

तीनदा मोजले. पंचवीस.

४ फेब्रु.
नदीम : "कबूल कर. एका जागेला एकच रिव्ह्यू, माहितीये ना? पासवर्ड पाच जणांकडं. त्यांत ताटाचं कुणाला ठाऊक?"
"मलाच."
"मग?"
रविवारी पायरीवर बसून ठरवणार, मला ब्लॉगवर ठेवायचं का काढायचं. या गावात मला रोज विचारणारी माणसं एवढीच.
त्याला एक सांगितलं नाय. तांब्याचं मला माहीत नव्हतं.

६ फेब्रु., शुक्र.
दुपारी बजाजनगर. वाटेत एक जण सायकलवर आरसा बांधून चाललेला, त्याच्या मागं मागं भलत्याच गल्लीत... राहू दे.
ताटासमोर बसलो. नजर हलवली नाय. एकानं मीठ मागितलं, दिलं, तेवढंच. ताट उचललं. तांब्या अर्धा. फरशी कोरडी.
"मावशी, पाणी कोण पितं?"
"तू काय मोजायला आलास व्हय?" हसली. मग भांडी आवरता आवरता, "उन्हाळ्यात सगळं संपतं."
दोन पोरं ताटाचा फोटो काढून गेली. महिन्यानं बांधलेल्या गिऱ्हाइकांपैकी चौघांनी खानावळ सोडली. मावशी म्हणाली, "कुणी लिहिलं रं ते? माणसं भ्यायलीत." मान खाली घालून जेवलो.

७ फेब्रु.
नदीमनं तो रिव्ह्यू काढला. काढताना म्हणतो, "सच बोलू? आपल्यात इतकं चांगलं कुणीच लिहिलं नाय."
खरंय. शब्द माझ्याएवढेच. मी भाकरी ठेवली, ते लिहिणाऱ्यानं ताट ठेवलं. म्हणजे मर्यादेनं लिखाण सुधारतं? सुधारतं. पण दोनशे शब्द असते तर मीही ताट लिहिलं असतं, मेंढरांच्या मागं कुठंतरी. कुणाला दिसलं नसतं. मावशीचं गिऱ्हाईक टिकलं असतं.

८ फेब्रु., रवि.
पायरीवर. पाचही जण. नदीम बोलायला लागणार तेवढ्यात मावशीचा फोन. स्पीकरवर टाकला.
"दत्ता, बाई आलीय एक. आत्ताच. भिंतीकडच्या ताटावर बसली."
"कोण?"
"कधी पाहिली नाय. लिहिलेलं मीच, म्हणती."
"मग उठवा की तिला."
"कशी उठवू? वांग्याची भाजी बाजूला सारली तिनं. म्हणली, सहा वर्षं वाढताय, त्याला वांगं चालत नाय हे विसरलात?"
"आणि?"
मावशी म्हणाली, "नव्हतंच चालत रं."
नदीमनं गाडीची किल्ली काढलीय. माझं ठरायचं तसंच राहिलं. निघतोय, बाकीचं