बदलून मिळेल

४ नोव्हेंबर
मंगरूळपीरला पोचलो एकदाचा. इथली बदली म्हणजे काळं पाणी, असं नागपूरचे मित्र म्हणत होते. मला तर खोली पाहताक्षणी आवडली. वर मी आणि चिंगी, खाली घरमालकीण ताजबीचं किराणा दुकान. चिंगी आईची मांजर. आई गेल्यापासून माझं म्हणावं असं हे एकच माणूस. म्हातारी झाली, तोंडात एकही दात नाही, म्हणून तिला पाकिटातलं ओलं, रश्शाचं खाणं लागतं. ते इथं मिळत नाही. ॲपवरून मागवलं; सोबत तूरडाळ, पोहे, तेल. ताजबी म्हणाली, "धम्मा, तुरीच्या गावात डाळ कुरिअरनं काहून मागून राह्यला?" ओशाळून हसलो.

९ नोव्हेंबर
पार्सल आलं. पोहे कुबट. तेलाची पिशवी फुटून डाळ तेलात न्हालेली. चिंगीच्या खाण्याची पाकिटं फुगलेली. तिनं हुंगलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच रांधलंय. तक्रार केली. उत्तर आलं: 'क्षमस्व. बदलून मिळेल.'

१३ नोव्हेंबर
बदलून आलं, तेही तसंच. चिंगी तोंड लावत नाही, दूधही नको म्हणते. वाळत चालली आहे, माझा जीव थाऱ्यावर नाही. चॅटवर डोकं फोडलं. पलीकडे माणूस आहे की यंत्र, कोण जाणे. प्रत्येक वाक्याला क्षमस्व. शेवटी विचारतो, दोष मालात आहे की खाणाऱ्यात? मी चिडून लिहिलं, तुम्हीच ठरवा. 'नोंद घेतली. बदलून मिळेल.'

१५ नोव्हेंबर
ऑफिसातून आलो तर मोबाइलवर 'बदली पूर्ण'. पार्सल कुठंच नाही. कुणी आलं नाही, असं ताजबी म्हणाली. चिंगीनं मात्र फुगलेली पाकिटं फाडून सगळं चाटूनपुसून खाल्लं होतं. जीव भांड्यात पडला. तिला मांडीवर घेतलं. तिनं जांभई दिली.
तोंडात दात आहेत. सगळे.

१६ नोव्हेंबर
ताजबीला दाखवली. तिनं हात लावला नाही. म्हणाली, "हे तुहं मांजर नाई, धम्मा."
दिवसभर चॅटवर. पैसे नकोत, माल नको, माझी चिंगी द्या. म्हातारी, बिनदाताची, तीच द्या. क्षमस्व. क्षमस्व. तोंडाला येईल त्या शिव्या घातल्या.
'ग्राहक समाधानी नाही, याची नोंद घेतली. बदलून मिळेल.'
काय बदलून —

१८ नोव्हेंबर
तक्रार मागे घ्यायला बटणच नाही. लिहिलं, समाधानी आहे, चूक झाली — उत्तर नाही. ऑफिसला गेलो नाही. आतून कडी —

१९ नोव्हेंबर
'माल पोचत आहे.'
खाली ताजबी कुणाला तरी म्हणतेय, धम्मा, आज लई खूश दिसून राह्यला —
तो हसतो. डाळ फार छान आली म्हणतो. आवाज माझा आहे —
ते मांजर दाराशी जाऊन बसलंय. शेपटी उभी —
जिन्यावर पावलं. ताजबी, मी इथं वर आहे, हा मी —
कडी मी लावली होती. ती आपोआप सर