ऊब मोजत नसतात

५ जानेवारी, रविवार
बायको, अकिला, सुरतेला गेली. बहिणीची डिलिव्हरी. पोल्ट्रीची शेड आठवडाभर माझ्या ताब्यात. कालच एक दिवसाची पिल्लं उतरलीत. तिची स्वतःची पहिली बॅच, म्हणून दहा वेळा बजावलं, थर्मामीटर बघत जा. मी नवापुरात इतकी वर्षं मराठी शिकवलं. पिल्लं काय आठवी ड पेक्षा अवघड आहेत?

निघताना म्हणाली, त्यांना फक्त गरमी पाहिजे. मी दुरुस्ती केली. गरमी नव्हे, ऊब. ती रिक्षात बसली.

६ जानेवारी
गरमी उन्हाची. चटका तव्याचा. ऊब गोधडीची, आईच्या कुशीची, संसाराची. म्हणजे ऊब ही मोजायची गोष्टच नव्हे! थर्मामीटर काढून कपाटात ठेवला. याच शब्दावर लेख लिहायला घेतला. सुरुवात झकास जमली.

७ जानेवारी, पहाटे
भयंकर थंडी. मला. पडदे खालपर्यंत सोडले, फटींना गोणपाट. जास्तीचे बल्ब, वर कोळशाची शेगडी. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. याला म्हणतात ऊब.

पिल्लं मात्र बल्ब सोडून कडेच्या पत्र्याला चिकटून. भित्री जात. मायेची सवय नाही.

८ जानेवारी
पिल्लांभोवतीचं पत्र्याचं रिंगण लहान केलं. आता जातील कुठे?

फीडवाला धनसिंग गोण्या घेऊन आला. दारातूनच म्हणाला, सर, पिल्लं धापा टाकी ऱ्हायनात. चोची उघड्या म्हणजे भूक, एवढंही याला कळत नाही. भाभीले फोन करू का, म्हणाला. खबरदार म्हटलं. तिला तिकडे टेन्शन नको.

संध्याकाळी तिचाच फोन. मी शेडमध्येच होतो. पिल्लं मजेत, म्हटलं. मग आवाज का येत नाही, म्हणाली. झोपलीत, म्हटलं.

९ जानेवारी, सकाळ
कोपऱ्यात बरीच एकावर एक पडलेली. उचलून पाहिली. अंग गरम होतं, म्हणजे माझ्याकडून ऊब कमी पडलेली नाही. फीडमध्येच गडबड असणार. तरी रिस्क नको, शेगडीत कोळसे वाढवले.

शेड आता फार शांत असते.

१० जानेवारी
लेख पूर्ण. संसाराच्या उबेचा परिच्छेद तर अप्रतिम. शेडमध्ये जायला जमलं नाही. वासही येतो.

धनसिंगने फोन केलाच. अकिला निघाली आहे. चुगलखोर कुठला.

११ जानेवारी
अकिला आली. बुरखाही न काढता थेट आत. पडदे वर केले, शेगडी बाहेर ओढली. वाचलेली पिल्लं एका खोक्यात मावली. मग ती आणि धनसिंग मागे खड्डा खणायला लागले. मीही गेलो, पण कुदळी दोनच होत्या.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. रात्री लेख वाचून दाखवू का, विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. बिचारी दमली असेल.

१४ जानेवारी
अकिला पुन्हा सुरतेला. बाळाची छठी. उरलेली पिल्लं शेडमध्येच आहेत. कुलूप लावून ती वळली तेव्हा मी चावीसाठी हात पुढे केला. तिने तो पाहिला. मग चावी धनसिंगच्या हातात दिली आणि माझ्यादेखत त्याला म्हणाली, सर मागतील, देऊ नको.