पाहुणचार आवरता घे, ताई

मांगेरे, ऑकलंड
रविवार, प्रार्थनेहून आल्यावर

वडीलधाऱ्या फुआतिनोताईस धाकट्या लाफाएलेचा हात जोडून नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही दोघं इथे उभे आहोत. उभे म्हणजे माझा डावा गुडघा परवानगी देईल तेवढा वेळ. माकेरिताची साखर तिच्या खाण्याच्या मानाने बरीच ताब्यात आहे. तुझे डोळे कसे आहेत? थेंब घालतेस, की बाटली अजून बायबलशेजारी शोभेला ठेवली आहेस? (म्हणूनच अक्षर मोठं काढतोय.) तुझ्या लेकाची, उएलेसेची पाठ, पाद्रीबुवांचा खोकला आणि तो एका कानाचा डुक्कर, सगळ्यांची खुशाली कळव. डुक्कर आमच्या निरोपाच्या जेवणात कामी आला असेल तर मात्र कळवू नकोस, मला त्याचा लळा लागला होता. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तू एकटी कधी असतेस? मी हॅलो म्हणतो आणि तुझ्यामागून सतरा जण हॅलो म्हणतात, त्यातलं एखादं पोर मध्येच माझ्याकडे बूट मागतं. काही गोष्टी तू आधी एकटीने वाचाव्यास आणि मग घरात सांगाव्यास, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पत्र सेतेफानोच्या हाती देतोय. तो आपल्या सवाई बेटावर कायमचा येत नाहीये, नुसता बघायला येतोय. तो दरवर्षी नुसता बघायला येतो. मागे एकदा त्याचं जायचं अगदी नक्की झालं, तेव्हा त्याने पलंग, फ्रीज, जेवणाचं टेबल सगळं बोटीने गावी पाठवून दिलं, आणि मग नातीचा जन्म झाला म्हणून स्वतः राहिला. आता त्याचा फ्रीज त्याच्या पुतण्यांकडे सुखाने थंड होतोय आणि सेतेफानो इथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जमिनीवर निजतो. नवा पलंग का घेत नाहीस, म्हटलं तर म्हणतो, "आता जायचंच आहे ना!" तुला हसू येईल, पण आमच्या चर्चच्या मागच्या बाकावरचे आम्ही सगळे म्हातारे थोड्याफार फरकाने तसेच आहोत. प्रार्थना संपली की चहाबरोबर गावाचा विषय निघतो. कोणाची जमीन कुठे आहे, कोणाचं घर कुठे बांधायचं, समुद्राकडे तोंड की रस्त्याकडे, यावर भांडणं होतात. मग बायका येऊन "चला" म्हणतात आणि आम्ही निमूट गाडीत बसतो. मी या बाकावर बसून इतकी वर्षं बढाया मारल्या की शेवटी माकेरिताच म्हणाली, "एकदा जाऊन राहून तरी ये, म्हणजे तुझी जीभ थांबेल. मीही येते, तुझ्या गोळ्या कोण देणार?" म्हणून आम्ही तुझ्याकडे आलो होतो, हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आपण राहू शकतो का, हे बघायला आलो होतो.

माझा बेत असा होता की बोटीतून उतरायचं, गावच्या बसमध्ये तारोच्या कंदांच्या पोत्यांवर बसायचं आणि अंगणात शिरून म्हणायचं, "ताई, जेवायला काय आहे?" प्रत्यक्षात धक्क्यावर तू होतीस, पाद्रीबुवा होते, पोरांनी गाणं बसवलेलं होतं आणि माझ्या गळ्यात इतके हार पडले की मला समोरचं दिसेना. (एका हारात मुंग्या होत्या. मी नाचतोय असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.) घरी पोचल्यावर मला नवी चटई, मला पहिलं ताट, मला कोंबडीचा मोठा तुकडा, नारळाच्या दुधातली पानं, आणि वर डब्यातला मासा, जो तुम्ही स्वतः नाताळाशिवाय उघडत नाही. दोन पोरी दोन बाजूंनी पंख्याने माझ्यावरच्या माशा उडवत होत्या. तू समोर बसलीस आणि हाताला काही लावलं नाहीस. ताई, आपल्यात भावाने बहिणीला वाढायचं असतं. बाबांनी मला तेच शिकवलं, चांगला तुकडा बहिणीचा. मी तुला म्हटलंदेखील, "तू आधी खा." तू म्हणालीस, "पाहुण्यांचं झाल्यावर." मला वाटलं प्रवासाचा शीण आहे म्हणून मला बोचलं, उद्या ठीक होईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी अंगणातली नीरफणसाची पानं झाडायला घेतली. लहानपणी ते काम माझं होतं, आणि राहिलं तर तुझी चप्पल माझ्या पाठीत बसायची. अर्धं अंगण झालं नसेल तोच उएलेसेची बायको मागच्या स्वयंपाकाच्या खोपटातून धावत आली, मागे उएलेसे, त्याच्यामागे पोरं. "मामा, झाडू द्या! मामा, लोक बघतायत!" मी झाडू सोडेना, ते ओढेनात, कारण पाहुण्याच्या हातातून ओढायचं कसं? मग आम्ही बराच वेळ एकाच झाडूला धरून एकमेकांकडे बघून हसत उभे राहिलो. संध्याकाळी महिला मंडळाच्या बायका तुझ्याकडे का आल्या, हे मला माकेरिताने नंतर सांगितलं. फुआतिनोने न्यूझीलंडहून आलेल्या भावाला झाडू मारायला लावला, ही बातमी दुपारपर्यंत पलीकडच्या गावात पोचली होती म्हणे. तू त्यांना काय उत्तर दिलंस कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून झाडू दिसेनासे झाले.

मग तो शंखाचा प्रसंग. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला की रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये, हे मला का माहीत नव्हतं? पण गप्पा मारत दुकानापाशी रेंगाळलो आणि शंख झाला तेव्हा मी भर रस्त्यात. पहाऱ्याची पोरं काठ्या घेऊन आली. खरं सांगतो, मला बरं वाटलं! म्हटलं, आता दंड होईल, तारोची टोपली भरावी लागेल, चारचौघांत नाव निघेल. पोरांनी मला पाहिलं आणि काठ्या खाली केल्या. "जाऊ दे रे, न्यूझीलंडचे आजोबा आहेत." मी म्हटलं, "अरे, दंड करा ना, नियम आहे!" तर त्यांनी मला घरापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मुखियांपुढे जाऊन गुन्हा कबूल केला. ते खूप हसले आणि मला शहाळं प्यायला दिलं. त्याच आठवड्यात उएलेसेला याच गुन्ह्याबद्दल टोपली भरावी लागली, आणि तू त्याला अंगणात उभं करून जे बोललीस ते मी चटईवरून ऐकत होतो. काय बोललीस, वा! आई बोलायची तसं. मला त्याचा हेवा वाटला.

रविवारच्या भट्टीचं तर तू विसरायला तयार असलीस तरी मी विसरणार नाही. दगड तापवून त्यावर जेवण भाजायचं काम पुरुषांचं, आणि मी मांगेऱ्यात मागच्या अंगणात कित्येक रविवार ते केलं आहे. पण इथे आम्ही कारखान्यातून आणलेले लोखंडाचे तुकडे तापवतो, हे मी बोललो नाही. उएलेसेच्या हातापाया पडून मी भट्टी मागून घेतली, तुमचे जुने काळे झालेले दगड मला झिजलेले वाटले, म्हणून ओढ्यातून छान गुळगुळीत, ताजे दगड आणले. पुढचं अख्ख्या गावाने ऐकलंच. पहिला दगड फुटला तेव्हा मी समजलो कोणी नारळ पाडला. तिसऱ्याला कोंबड्या कुंपणापार झाल्या, तारो आकाशात गेले आणि पाद्रीबुवांनी समोरच्या घरात प्रार्थना मध्येच थांबवली. ओढ्यातल्या दगडात पाणी असतं, हे तिथल्या पाच वर्षांच्या पोराला कळतं. मी लुंगी झाडत उभा राहिलो आणि तुझ्या तोंडाकडे पाहिलं. माझी पूर्ण तयारी होती, ताई. तू काहीतरी बोलशील, चप्पल काढशील, निदान "गाढवा" तरी म्हणशील. तू म्हणालीस, "काही हरकत नाही. छान झाली होती भट्टी." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी हसलंसुद्धा नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी नारळीखाली जाऊन बसलो, आणि तिथेही एक पोरगी पंखा घेऊन आली.

तिथे बसून मला कळलं ते हे. घरच्या माणसाला शिव्या मिळतात, पाहुण्याला कोंबडी मिळते. इथे मांगेऱ्यात आता माझ्यावर ओरडायला माकेरिताशिवाय कोणी उरलेलं नाही. मुलं आपापल्या घरी, नातवंडं माझ्याशी हळू आणि मोठ्याने बोलतात, मी बहिरा असल्यासारखी. कारखान्यात मुकादम तरी ओरडायचा, तोही निवृत्त झाला. मी गावी आलो तो कोणाचा तरी कोणी व्हायला.

आता माकेरिताचं. ती तुझ्याकडे किती खुशीत होती, तू पाहिलंसच. चटईवर बसायची, पंख्याचा वारा घ्यायची, गाणी म्हणायची. मी मनात म्हटलं, चला, ही तरी रुळली. परतीच्या बोटीत मी तिला सांगितलं, आपण कायमचे येऊ या. मी ताईशी बोलतो, हा पाहुणचार बंद करायला लावतो, म्हणजे आपण घरचे होऊ. ती म्हणाली, "तू घरचा झालास की मी कोण होईन, ठाऊक आहे? त्या घरची सून. तू पुढच्या घरात भाऊ, मी मागच्या खोपटात धुरात. उएलेसेची बायको बघितलीस? तिचं नाव तरी घेतलंस का रे एवढ्या दिवसांत? लग्नानंतर मी तिथेच बसून नारळ खवले आहेत, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाल्लं आहे. मांगेऱ्यात माझी चूल माझी आहे. सत्तरीला आले आता, पुन्हा पहिल्यापासून खवू?" (उएलेसेच्या बायकोचं नाव मी खरंच घेतलं नव्हतं. काय आहे ते कळव.) आपली रीतच तशी आहे, तू काही वेगळं केलंस असं मी म्हणत नाही, आणि माकेरिताही म्हणत नाही. पण तेव्हापासून ती गावाचा विषय काढत नाही, आणि मी चर्चनंतर मागच्या बाकावर बसत नाही.

तर असा सगळा प्रकार आहे. सध्या इथे थंडी आहे, आमचं बरं चाललं आहे, पुढच्या वर्षी काय ते बघू. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, पाद्रीबुवांना खोकल्याचं औषध सोबत पाठवलं आहे.

तुझा,
लाफाएले

ता. क. : त्या पोराच्या बुटांचं माप कळव. मागच्या वेळी पाठवलेले उएलेसेला बसले म्हणे, म्हणजे माझा अंदाज थोडा चुकला.

ता. क. : पुढच्या वर्षी काय ते बघू, असं मी वर लिहिलं ते खोडून वाच. मला यायचं आहे, ताई. मरायला नाही, राहायला यायचं आहे. आपल्या घरात बहिणीच्या शब्दापुढे कोणाचं चालत नाही, म्हणून तुलाच विचारतो. मला पाहुणा करू नकोस, मी चुकलो की ओरड, आणि चांगला तुकडा मी तुला वाढीन. पण माझ्याकडून काढून घेशील ती चटई आणि तो पंखा माकेरिताला दे, कायमचा. तिला खोपटात बसवू नकोस. ती पाहुणी राहिली तरच ती येईल, आणि ती आली नाही तर मलाही येता येणार नाही. एवढं तू सगळ्यांसमोर बोलशील का?

ता. क. (माकेरिताच्या हातचा) : वन्सं, नमस्कार. ह्यांनी पाकीट चिकटवायला मला दिलं आणि मी आधी वाचलं. ह्यांचं शेवटचं ऐकू नका. मला चटई नको. पाहुण्याला एक दिवस उठून निघावं लागतं, आणि ह्या वयात मी पुन्हा सामान बांधणार नाही. मी खोपटात बसेन. नारळ खवीन, धूरही सोशीन. पण उएलेसेच्या बायकोने आणि मी, आम्ही दोघींनीच का? तुम्हीपण तिथे येऊन बसायचं, वन्सं, खवणी घेऊन, माझ्याशेजारी. तुम्ही घरची लेक, जन्मात तिथे बसला नाहीत, मला माहीत आहे. येणार असाल तर कळवा, मी येते.